एक दिवस साबण, एक दिवस खरकटं

निवृत्त माणसाने जाहीर घोषणा करू नयेत. नोकरीत असताना केलेली घोषणा फसली तर ती वरच्या साहेबावर ढकलता येते, मंजुरी आली नाही म्हणता येतं, फाईल दुसऱ्या टेबलावर आहे म्हणता येतं. घरात यातलं काहीच चालत नाही. वरचा साहेब घरातही असतो, पण तिच्यावर ढकलून जेवायला पुन्हा तिथेच बसावं लागतं. हे शहाणपण मला मार्चमध्ये आलं आणि घोषणा मी जानेवारीतच करून बसलो होतो.

घोषणा अशी होती: "सुभद्रा, आजपासून तुझ्या हाताले उष्टं भांडं लागणार नाही."

हे मी चारचौघांत बोललो. चौघे म्हणजे शेजारचे गजभिये सर, त्यांच्या पत्नी नंदिनीताई, भांडी घासायचं मशीन बसवायला आलेला कंपनीचा माणूस आणि मोबाईलच्या पडद्यावर पुण्याहून आमची मिनल. मशीन मिनलनेच पाठवलं होतं. त्याचं कारण असं की तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या सौ. सुभद्राच्या, उजव्या मनगटातली नस दबली होती. ज्या हाताने ती उलट्या माठावर लांब पोळी टाकायची आणि अख्ख्या बेसा रोडवरच्या बायका पाहायला यायच्या, त्या हाताने तिला दाराची कडी लावता येईना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, सहा आठवडे घासणं, पिळणं, उचलणं बंद. फरक पडला तर देवाची कृपा, नाही तर ऑपरेशन. सुभद्रा ऑपरेशन या शब्दाला इतकी घाबरते की टीव्हीवरच्या मालिकेत कुणाचं ऑपरेशन असलं तरी ती स्वयंपाकघरात निघून जाते. त्यात बारा वर्षं आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मीराबाई नेमक्या मुलाकडे कन्हानला राहायला गेल्या आणि नवी बाई मिळेना. तेव्हा सगळी भिस्त त्या मशीनवर आणि माझ्या शब्दावर होती.

माझ्या शब्दाला वजन होतं, हे इथेच सांगून ठेवतो. मी रुपराव काळबांडे, वीज कंपनीत चौतीस वर्षं उपकेंद्रावर यंत्रचालक होतो. निम्म्या दक्षिण नागपूरची लाईट माझ्या एका हाताखाली होती. निरोप समारंभात मला शाल, नारळ आणि माझ्याच विनंतीवरून एक जुना लाल पत्र्याचा बोर्ड देण्यात आला: 'सावधान! लाईनवर माणूस आहे. स्विचला हात लावू नये.' चौतीस वर्षं मी हा बोर्ड स्विचला लटकवला आणि तो लटकत असताना साहेबाचा बाप आला तरी कुणाला हात लावू दिला नाही. कारण तिकडे कुठेतरी खांबावर एक माणूस चढलेला असतो आणि त्याचा जीव या पत्र्याच्या तुकड्यावर असतो. बोर्ड हॉलमध्ये लावायचा माझा विचार होता. सुभद्रा म्हणाली, "पाव्हणे चहा तरी घेतील काय?" म्हणून तो माळ्यावर गेला.

विजेच्या बाबतीत मी शिस्तीचा माणूस आहे. आमच्या घरात विनाकारण एक बल्ब जळत नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरत नाही, चार्जर भिंतीत लोंबकळत नाही. काम संपलं की भिंतीवरचा स्विच बंद, हा आमच्या घरचा कायदा. मिनल लहान असताना म्हणायची, बाबा घरातून चालत गेले की मागे अंधार पडत जातो. मी ते कौतुक म्हणूनच घेत आलो.

तर मशीन बसलं. बसवणाऱ्या माणसाला पुढे तीन ठिकाणी जायचं होतं, त्याने दहा मिनिटांत काय ते सांगितलं आणि एक पुस्तक देऊन गेला. पुस्तक चौदा भाषांत होतं, त्यात मराठी नव्हती. मी म्हटलं, तेहतीस केव्हीचं पॅनल ज्याने चालवलं त्याला भांड्याच्या कपाटाचं काय पुस्तक वाचायचं?

दिनक्रम ठरला. सकाळची आणि रात्रीची भांडी एकत्र करून दुपारी जेवणानंतर मी मशीनमध्ये मांडायची. दोन वाजता सुभद्राने डाव्या हाताने साबणाची वडी ठेवून बटण दाबायचं आणि आतल्या खोलीत पडायचं. मी हॉलमधल्या दिवाणावर आडवा व्हायचो. तीनच्या सुमारास मशीनची घरघर थांबायची, मी उठून एक चक्कर मारायचो, पाणी प्यायचो आणि पुन्हा डोळा लागायचा. पाचला चहाच्या वेळी दोघांनी मिळून मशीन उघडायचं.

पहिल्या दिवशी उघडलं तर ताटांवर पांढरा थर. बोट फिरवलं तर बुळबुळीत. वाटी हुंगली तर साबणाचा वास.

"नवीन हाये," मी म्हणालो. "कंपनीतून येताना आतून पावडर लावून ठेवत असन."

दुसऱ्या दिवशी मशीनने कमाल केली. सुभद्राने भिंतीवरचा स्विच लावला आणि बटण दाबायच्या आतच ते घरघरायला लागलं. "अजी, हे तं आपल्या मनानंच सुरू झालं," ती म्हणाली. मी तिला समजावलं की आजकालची यंत्रं शिकतात, त्याला आपली वेळ कळली. पाचला उघडलं तर साबण औषधालाही नव्हता, वडी ठेवल्या जागी कोरडी अख्खी बसली होती आणि पाटवडीच्या रश्शाची तर्री जशीच्या तशी गंजाला, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्याला, चिकटलेली. गरम पाण्याने ती उलट छान पसरली होती.

"पाहा," मी म्हणालो, "वडी वाचली."

सुभद्राने माझ्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे पाहणं मी चांगलं ओळखतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा साबण, चौथ्या दिवशी पुन्हा खरकटं, आणि मग हे असंच चालू राहिलं. रोज संध्याकाळी मी ती भांडी पुन्हा पाण्याखाली धरायचो आणि 'हे धुणं नाही, तपासणी आहे' असं सांगायचो.

गजभिये सरांना हे कळलं. धम्मानंद गजभिये हे गणिताचे निवृत्त मास्तर, आणि निवृत्तीनंतर ज्यांना सोडवायला गणित मिळत नाही अशांपैकी एक. ते आलेखाचा कागद आणि तीन रंगांची पेनं घेऊनच आले. दोन आठवडे रोज पाचला त्यांनी आमच्या मशीनसमोर हजेरी लावली. साबण असेल तर निळी फुली, खरकटं असेल तर लाल फुली, स्वच्छ असेल तर हिरवी. हिरव्या पेनाचं टोपण एकदाच निघालं आणि पुन्हा घट्ट बसलं. कागद आमच्या फ्रीजवर लागला आणि घरी येणारा प्रत्येक जण तो आधी वाचून मग बसू लागला. कुणी लिंबू ठेवायला सांगितलं, कुणी व्हिनेगर, कुणी मशीनचं तोंड पूर्वेला करायला. नंदिनीताईंनी विचारलं, "मशीनमध्ये टाकायच्या आधी भांडे घासून काहून नाही पाहत?" त्यांनी हे अगदी मनापासून विचारलं होतं, म्हणून मी त्यांना चहा विचारला.

पंधराव्या दिवशी सरांनी निष्कर्ष काढला. "रुपरावजी, हे पाहा. निळी, लाल, निळी, लाल. दिवसाआड. आता सांगा, आपल्या गल्लीत नळ कसा येते?"

"दिवसाआड," मी म्हणालो आणि माझ्या अंगावर काटा आला.

"एक दिवस नळाचं पाणी, एक दिवस बोअरचं. झालं की नाही सिद्ध?"

"आणि ही एक हिरवी फुली कोणती जी?" सुभद्राने विचारलं.

ती शुक्रवारची होती. त्या दिवशी मी नरखेडला चुलतभावाच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो, आणि माझ्यामागे मशीनने भांडी आरशासारखी लख्ख काढून दिली होती.

"तो अपवाद आहे," सर म्हणाले. "शास्त्रात असा एक आकडा सोडून द्यावा लागतो." त्यांनी हिरव्या फुलीभोवती गोल केला आणि सोडून दिला. मीही सोडून दिला. आज त्या गोलाकडे पाहिलं की मला स्वतःच्या डोक्यात काहीतरी मारून घ्यावंसं वाटतं.

मग कंपनी. कंपनीच्या नंबरवर फोन केला की एक बाई आपली तक्रार आम्हाला फार मोलाची आहे असं सांगते आणि त्यानंतर बासरी वाजते. सात वेळा बासरी ऐकल्यावर एका मुलाने मशीनचा नंबर विचारला. नंबर दाराच्या खालच्या काठावर होता. मी फरशीवर पालथा झोपून चष्मा कपाळावर ढकलून तो वाचला, तेवढ्यात फोन कटला. नंतर निरोप आला, आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे, कृपया आम्हाला तारे द्या. तक्रार अशी निकाली काढायची ही युक्ती आम्ही उपकेंद्रावर वापरायचो तेव्हा ती मला फार सोयीची वाटायची.

अखेर दुर्गेश नावाचा मेकॅनिक आला. शांत माणूस, हातात पेटी, पायात मोजे. मोजे काढू नका म्हटलं तरी त्याने दाराशी काढले. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्याने अर्ध्या तासाचा एक छोटा कार्यक्रम लावला आणि त्याच्या समोर, माझ्या समोर, सुभद्राच्या समोर त्या हरामखोर मशीनने कालची जळलेली बेसनाची कढई सोडून सगळं स्वच्छ करून दाखवलं.

"काकाजी, मशीन तं एकदम ओके हाये."

"आता हाये. रोज नसते."

"रोज काय करता तुम्ही?"

"काहीच नाही करत," मी म्हणालो, आणि ते मी खरं समजूनच म्हणालो.

त्याने कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. चौतीस वर्षं मी लोकांच्या अशाच सह्या घेतल्या होत्या. जाताना तो म्हणाला की पाणी तपासून घ्या, रिपोर्ट असला तर कंपनीला कळवता येईल.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या घेऊन गेलो. खिडकीतल्या बाबूने फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, पाण्याचा उपयोग: पिण्यासाठी, शेतीसाठी, बांधकामासाठी.

"भांड्यांसाठी," मी म्हणालो.

"भांडे नाही त्याच्यात."

"मग इतर लिहितो."

"इतर लिहिलं तर साहेबाची सही लागन. साहेब मिहानच्या मीटिंगले गेले. सोमवारी या."

मी तीन सोमवारांचा हिशेब मनात करून शेतीवर खूण केली. आठ दिवसांनी रिपोर्ट मिळाला. दोन्ही बाटल्यांतलं पाणी संत्रा व मोसंबी या फळपिकांस उत्तम असल्याचं त्यात लिहिलं होतं. तो कागद मी फ्रीजवर आलेखाशेजारी लावला. सरांनी तो वाचला आणि तिन्ही पेनं खिशात घातली. एवढे हिरमुसलेले सर मी पूर्वी पाहिले नव्हते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मशीनकडे पाहत बसलो होतो. जेवलो नाही. मला वाटलं, एक साधा शब्द आपण बायकोला दिला आणि तोही आपल्याकडून पाळला गेला नाही. सुभद्रा मागून येऊन म्हणाली, "अजी, होईन ठीक. एवढं काय जिवाले लावून घेता?"

आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच ठीक झालं.

पाचला मी उठलो तेव्हा भांडी आधीच जाळीत लागलेली, लख्ख. "आज चांगले निघाले," सुभद्रा म्हणाली. दुसऱ्या दिवशीही चांगले, तिसऱ्या दिवशीही. गजभिये सरांनी हिरवं पेन चावून उघडलं. सलग नऊ हिरव्या फुल्या पडल्या. याचं श्रेय कुणाला, असा प्रश्न मला पडला नाही, कारण त्याच आठवड्यात मी ताटं उजवीकडे आणि वाट्या डावीकडे अशी नवी रचना सुरू केली होती. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना मी ती रचना काठीने मातीत काढून समजावली. दोघांनी तर मोबाईलवर फोटो काढला. यंत्राशी कसं बोलावं लागतं यावर मी जे बोललो ते आता आठवून सांगण्यासारखं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी मला चारलाच जाग आली. मागच्या अंगणातून पाण्याचा अगदी बारीक आवाज येत होता. उठून गेलो. नळ करंगळीएवढा सोडलेला, आवाज होऊ नये म्हणून बादलीत फडकं टाकलेलं, आणि सुभद्रा पाटावर बसून भांडी घासत होती. मनगटाचा पट्टा ओला होऊ नये म्हणून काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलेला. डाव्या हाताने ती सराटा, म्हणजे उलथनं, घासत होती आणि जमेना तेव्हा उजव्याने. उजव्याने घासताना ती खालचा ओठ दाताखाली धरत होती.

तिने वर पाहिलं.

"काहून वं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तुम्ही जेवून नव्हते राहिले," ती म्हणाली. "आणि मग तुम्ही त्या रचनेनं इतके खुश झाले. मले सांगाची हिंमत नाही झाली."

मला त्या अंगणात, भर दुपारी, माझ्या वयाच्या माणसाला रडू आलं. मी तिच्या हातातून सराटा घेतला आणि उरलेली भांडी मी घासली. दोन कप फुटले. एक कप निरोप समारंभातला होता.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि चेहरा लांब केला. विश्रांती दिलीच नाही का, त्यांनी विचारलं. सुभद्रा माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझीच चूक हाये." डॉक्टर म्हणाले, अजून एकदा सहा आठवडे पाहू, पहिल्या दिवसापासून मोजायचे. या वेळी नाही जमलं तर तारीखच देतो. घरी येईपर्यंत रिक्षात ती डाव्या हाताने उजवा हात धरून बसली होती.

त्यानंतरचे काही दिवस भांडी मी घासली. हे काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी वरणफळांचा गंज दुसऱ्या दिवशी घासून पाहावा. माझी कंबर गेली, आणि मी घासलेलं भांडं सुभद्रा उजेडात धरून बघायची आणि बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेल्यांचा ढीग रोज मोठा होत होता. एकदा मी वळलो तर तिचा हात घासणीकडे निघालेला दिसला. तेव्हा मला कळलं की मशीन चालल्याशिवाय हा हात वाचणार नाही. मी तिच्यावर किती दिवस पहारा ठेवणार?

पुन्हा बासरी ऐकली. पुन्हा दुर्गेश आला. या वेळी मी गयावया केली, हे मान्य करतो. त्याने मशीनचा पुढचा पत्रा काढला, दोन बटणं एकदम दाबून धरली आणि पडद्यावर उमटलेले आकडे बघून भुवया वर केल्या.

"काकाजी, तुमच्या इकडं रोज लाईन जाते काय?"

"काय?"

"मशीनच्या मेमरीत दिसून राहिलं ना. जवळपास रोज, काम सुरू असताना लाईट गेली. हे मशीन अडीच तास चालते. अर्ध्यात लाईट गेली तर बाकीचं काम दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर करते. म्हणून एक दिवस नुसता साबण लागते आणि दुसऱ्या दिवशी नुसतं खंगाळते. मशीन बिचारं कालचं काम आज करून राहिलं."

बाजूला बसलेले गजभिये सर टाळी वाजवून उठले. दिवसाआड! सिद्ध झालं! सुभद्राचा चेहरा उजळला. पण माझ्या कानात फक्त पहिलं वाक्य घुमत होतं. बेसा रोडवर रोज लाईट जाते? माझ्या फीडरवर, माझ्या उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनवर? जो फीडर मी अकरा वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला?

"तोंड सांभाळून बोल गा," मी म्हणालो. "आमच्या भागात लाईट जात नाही."

"मशीन खोटं नाही बोलत जी."

"आणि माझं उपकेंद्र बोलते?"

त्याला म्हणालो, तू मशीन लाव, मी लेखी पुरावा आणतो. सकाळपासूनची भांडी आत होती. साडेबारा वाजता त्याने बटण दाबलं आणि मी भर उन्हात स्कूटर काढली.

उपकेंद्रावर माझ्या जागी आता बळीराम होता. माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विषय कळल्यावर गंभीर होऊन नोंदवही काढली. दोन महिन्यांची पानं आम्ही दोघांनी बोट फिरवून वाचली. एकही दिवस नाही! देखभालीसाठी एका बुधवारी सकाळी वीस मिनिटं, बस. मला भरून आलं. बळीरामने माझ्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर लिहिलं, की सदर कालावधीत सदर फीडरचा वीजपुरवठा दुपारी दोन ते पाच या वेळेत एकदाही खंडित झालेला नाही. खाली सही केली आणि माझा आग्रह म्हणून गोल शिक्का मारला. शिक्का जरा पुसट उमटला, म्हणून दुसरा मारला.

पावणेदोनला मी घरी पोचलो. स्वयंपाकघरात टेबलाभोवती सुभद्रा, गजभिये सर आणि दुर्गेश बसले होते. सुभद्राने सरांकरवी दुर्गेशला जेवायला वाढलं होतं आणि दुर्गेश भात कालवत होता. मी चपला न काढताच आत गेलो आणि उभ्यानेच वाचायला लागलो.

"प्रमाणित करण्यात येते की," मी म्हणालो, "बेसा रोड फीडरवर दिनांक अमुकपासून आजतागायत..."

मशीन घरघरत होतं. मी वाचत होतो. 'एकदाही खंडित झालेला नाही' या ओळीवर मी आवाज चढवला, आणि नेमकी त्याच वेळी घरघर थांबली. स्वयंपाकघर शांत झालं. दुर्गेशचा घास हातात होता. मी पुढची ओळ वाचत वाचत दोन पावलं मागे गेलो, कागद डाव्या हातात घेतला, आणि माझा उजवा हात भिंतीवर गेला.

टक्.

मशीनचा छोटा दिवा विझला.

मी वाचतच होतो. "सबब सदर प्रमाणपत्र अर्जदाराच्या विनंतीवरून..." मग मला जाणवलं की तिघेही माझ्याकडे बघत आहेत. माझ्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे. मीही हाताकडे पाहिलं. तो अजून स्विचवर होता.

"काकाजी," दुर्गेश हळूच म्हणाला, "आता ते फक्त पाणी गरम करून राहिलं होतं. आवाज बंद होते, काम बंद नाही होत."

गजभिये सर उठले, फ्रीजपाशी गेले आणि त्या गोल केलेल्या हिरव्या फुलीवर बोट ठेवून उभे राहिले. साक्षगंधाचा शुक्रवार. घरात मी नव्हतो. बाकी सगळे दिवस मी होतो. दुपारी तीनला उठून एक चक्कर मारणारा, पाणी पिणारा आणि जाता जाता, श्वास घ्यावा तसा, स्विच बंद करणारा मी. पाचला स्विच बंद दिसायचा तेव्हा सुभद्राला वाटायचं काम झालं. कायदाच तसा होता घरचा.

आणि त्या नऊ दिवसांतही रोज तीनला मी तो बंद केला होता, आणि ती चारला अंगणात बसली होती.

दुर्गेशने कागदावर काय लिहावं ते विचारलं. मी म्हणालो, "जे हाये ते लिही." त्याने थोडा विचार करून पुन्हा 'दोष आढळला नाही' असंच लिहिलं. चांगला माणूस आहे. जाताना माझ्या पाया पडला, ते मला फार लागलं. गजभिये सर आलेख गुंडाळून घेऊन गेले. बळीरामचं प्रमाणपत्र मी कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली ठेवलं. ते कुणाला दाखवायचं नाही आणि फाडायचंही नाही, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मला वाटलं होतं सुभद्रा हसेल, किंवा चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "पडा थोडं. उन्हातून आले."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी भांडी मांडून स्वयंपाकघरातून बाहेर निघालो तेव्हा ती स्टुलावर चढून माळ्यावरून काहीतरी ओढत होती. मी धावलो, स्टूल धरला. ती खाली उतरली तेव्हा तिच्या डाव्या हातात तो लाल बोर्ड होता. पदराने तिने त्यावरची धूळ पुसली. मग पट्ट्याची जुनी नाडी घेऊन, एक टोक दातात धरून, दुसरं डाव्या हाताने ओढत, तिने तो मशीनच्या स्विचवरच्या खिळ्याला बांधायला सुरुवात केली. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "तुम्ही नका लावू."

'सावधान! लाईनवर माणूस आहे. स्विचला हात लावू नये.'

"सुभद्रा," मी उगाच हसण्याचा प्रयत्न करत म्हणालो, "आता इथं कोण वं लाईनवर?"

तिने पट्टा बांधलेला उजवा हात वर केला आणि माझ्यासमोर धरला. बोटं अजून थोडी सुजलेली होती. मग स्विच लावून, बटण दाबून, ती आत पडायला गेली.

मी हॉलमध्ये येऊन दिवाणावर बसलो. तीन वाजता घरघर थांबली. घरात एकदम शांत झालं, आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून साडेचारपर्यंत तसाच बसून राहिलो.